मनगटातली रेघ

उत्तर थायलंडातल्या त्या विहारात, ध्यानगृहाच्या काचेच्या कपाटात एक सांगाडा उभा होता. देहाचं शेवटी काय होतं ते भिक्खूंनी रोज बघावं, म्हणून कुणीतरी मरताना स्वतःहून दिलेला. भंते सुमेत अकरा वर्षं त्याच्यासमोर ध्यानाला बसत होते. ‘ही हाडं कुणाचीच नाहीत,’ असं त्यांनी आपल्या ग्रंथात ठणकावून लिहिलं होतं.

आज एक म्हातारी आली. काचेवर बोट ठेवून म्हणाली, “भंतेजी, हे मनगट बघा. सात वर्षांची असताना आंब्यावरून पडली होती माझी पोर. मी आधी कानफटात दिली, मग कळलं, हाड मोडलंय.”

भंते उठून काचेजवळ गेले. अकरा वर्षं रोज बघूनही ती सांधलेली रेघ त्यांना कधी दिसलीच नव्हती.