पट्ट्याच्या आकड्याला कुंकू

यतीन साने इंग्लंडमधल्या रीडिंग गावात एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळत असे, पण ओळख करून देताना ते तो अगदी शेवटी सांगे. आधी म्हणे, "मी अर्ली चायनीज ब्राँझेस कलेक्ट करतो." कलेक्ट म्हणजे त्याच्याकडे वस्तू एकच होती. कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा कांस्याचा आकडा, बोटभर लांब, अंगावर चांदीच्या तारेचं जडावकाम आणि मधेमधे फिरोजी खडे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी सरदाराचा, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. असे सरदार विकणाऱ्यांनाच बरे सापडतात.

आता त्याला जुन्या कांस्यवस्तूंच्या संग्राहकांच्या मंडळात शिरायचं होतं. तिथला रिवाज असा, की अध्यक्षांनी स्वतः घरी येऊन वस्तू पाहायची. ते अस्सल म्हणाले तर तुम्ही मेंबर. नकली म्हणाले, तर यतीन जन्मभर नुसता सॉफ्टवेअरवाला, आणि ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. अध्यक्ष मिस्टर अ‍ॅशकोम शनिवारी यायचे होते. दसरा नेमका शुक्रवारी आला.

सुनीतीने, म्हणजे त्याच्या बायकोने, दसऱ्याला लॅपटॉप, मिक्सर, गाडी, लॉनमोअर अशा सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. आकडाही तिला हत्यारासारखाच दिसला. तिने तो कपाटातून काढला आणि त्यालाही सढळ हाताने ओलं कुंकू लावलं. यतीन ऑफिसमधून आला तोवर ते वाळून घट्ट बसलं होतं.

"अगं, अँटिक आहे तो. त्याची कसली पूजा?"

"लॅपटॉपपेक्षा तू त्याच्याकडेच जास्त बघतोस," सुनीती शांतपणे म्हणाली. "म्हटलं, मान आधी त्याला."

यतीनने कापसाने वरवरचं पुसलं. पण तारेच्या कडेच्या बारीक खाचांमधलं कुंकू काही हलेना, आणि ब्रशने घासायची त्याची छाती होईना. खडा निखळला तर काय घ्या. रात्रभर तो कूस बदलत राहिला.

शनिवारी मिस्टर अ‍ॅशकोम आले. ऐंशीच्या घरातले, उंच, कोपरावर ठिगळ लावलेल्या कोटातले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि आकडा खिडकीपाशी नेला. उजेडात तो पुनःपुन्हा उलटसुलट करून पाहिला.

"हा लाल रंग," ते अखेर म्हणाले.

यतीन घाईने पुढे झाला. "सर, ते म्हणजे... आमच्याकडे काल..."

अ‍ॅशकोमनी हात वर करून त्याला थांबवलं. "सिनाबार," ते हळू आवाजात म्हणाले. "थडग्यात मृताभोवती पसरायचे ती लाल भुकटी. शतकानुशतकं मुरल्याशिवाय खाचांत अशी बसत नाही. अस्सल आहे, मिस्टर साने. मंडळात तुमचं स्वागत."

"मलाही तसंच वाटत होतं," यतीन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर संशोधकाचं गांभीर्य इतक्या पटकन आलं, की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

सुनीती दारात चहा-बाकरवडीचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

अ‍ॅशकोम आता खुलले. "माझ्या आकड्यावर अगदी हाच रंग आहे. आमच्या मंडळात तोच प्रमाण मानतात. तीस वर्षं आम्ही प्रत्येक वस्तू त्याच्याशी ताडून पाहतो. त्याच्यासारखी लाली नाही म्हणून कितीजणांना परत पाठवलं."

"तुम्हाला कुठे मिळाला तो?" सुनीतीने विचारलं.

"आजोबांचा. पुण्याच्या छावणीत कर्नल होते ते. नोकर मोठे भाविक होते त्यांचे. वर्षातून एकदा त्यांच्या तलवारी, बंदुका आणि हा आकडा ओळीने मांडून कसलीशी पूजा करायचे. आजोबांना फार गंमत वाटायची."

सुनीतीने ट्रे टेबलावर ठेवला. मग यतीनकडे वळून मराठीत विचारलं, "सांगू का रे यांना?"

"गप्प बस," यतीन हसतमुखाने म्हणाला. "मी मेंबर आहे आता."