नाकातली दारं

साबणाच्या कारखान्याच्या जेवणघरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकावर चढून टेकडीवरच्या गंधमहाराजांनी पितळी डबी उघडली. आत अत्तराचा बोळा.

"वास आला तो तरला. ज्याचं नाक मेलं, तो महिन्याभरात नाकामागोमाग जाणार."

हमालांना गुलाबाचा वास लगेच आला. पॅकिंगच्या अकरा बायकांना मात्र एकीलाही नाही. त्यांच्यातल्या वहिनीने डबी नाकाला लावून तीनदा श्वास ओढला. काहीच नाही.

"लेकरांना शिवू नका, मरण त्यांना चिकटेल," महाराज हळूच म्हणाले. "तीन दिवस टेकडीवर माझ्याकडे राहा. नाक जिवंत करून देतो."

दोघी जाऊन आल्या आणि त्यांना खरंच वास आला. मग तर वहिनीची बोबडीच वळली.

पाचव्या दिवशी तिची नणंद घरी आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. चार वर्षांची भाची कोपऱ्यात मुसमुसत होती, शेजारी तिच्या कपड्यांची पिशवी.

"पोर कुठे निघाली, वहिनी?"

"माझ्या बहिणीकडे. वन्सं, लांबून बोला."

"किती लांबून? मरणाचा हात किती फूट पोचतो?"

वहिनी हसली नाही. नणंदेने तिला डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली काहीतरी धरलं.

"लिंबू," वहिनी पुटपुटली.

"मेलेल्या नाकाला बरं कळलं. दिवसभर खोक्यात काय भरता?"

"साबण."

"कसला?"

वहिनीने डोळे उघडले. "गुलाबाचा."

दुसऱ्या दिवशी भरल्या जेवणघरात नणंद म्हणाली, "महाराज, अर्धा तास पॅकिंगमध्ये बसून दाखवा." एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? ते बसले. मग तिने त्यांचे डोळे बांधले आणि गुलाबाचा कुठला ते ओळखायला दोन बोळे पुढे केले. एक त्यांच्याच डबीतला, दुसरा नुसत्या पाण्याचा. महाराजांनी बराच वेळ हुंगून पाण्याच्या बोळ्यावर बोट ठेवलं.

"आता महाराजांना टेकडीवर कोण नेणार?" एक हमाल म्हणाला.

बायका अजून भेदरलेल्याच होत्या. नणंद त्यांच्याकडे वळली.

"नाकातल्या पेशींना अतिसूक्ष्म दारं असतात. वास आला की ती उघडतात, विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, आत शिरतात आणि मेंदूला निरोप जातो. आत आलेल्या आयनांमधलं कॅल्शियमच मग ती दारं आवळू लागतं. एकच वास तासन्‌तास येत राहिला, की नाक थकतं आणि त्याची दखलच घेत नाही. लिंबाचा वास टिपणाऱ्या पेशी बऱ्याचशा वेगळ्या, म्हणून तो कळतो. साबणापासून तीन दिवस लांब राहिलं की दारं पुन्हा सैल होतात. टेकडीवर तेवढंच घडलं, ते घरी बसूनही घडलं असतं. पुढे कोणी असं भेडसावलं, तर घाबरण्याआधी एवढं विचारा, की याला दुसरं काही कारण असेल का?"

वहिनी घरी आली तेव्हा पोर शिकवल्याप्रमाणे दोन हात लांब उभी राहिली. वहिनी खाली बसली. तिने दोन्ही हात पुढे केले. मग तिने पोरीला ओढून छातीशी घट्ट धरलं.

"आई, तुझ्या हातांना गुलाबाचा वास येतोय."

"येतो?"

"रोजच येतो."