कान नसलेला आत्मा

"आत्म्याला कान नसतात, बायांनो. विचारायचं ते लिहून विचारा."

गुरुपादप्पा महाराजांचा तो मऊ, तुपात भिजलेला आवाज चंद्रप्रभाच्या मनात आठवडाभर घोळत राही. त्या आज्ञेत तिने कधी खोट काढली नाही. पहाटेचा जप, सोमवारचा उपास, देवापुढची समई, यांत नवरा गेल्यावरही तिने खंड पडू दिला नव्हता. त्यात आणखी एक नेम वाढला होता. दर गुरुवारी ती कॉम्प्युटरपुढे उदबत्ती लावी.

कॉम्प्युटर शरदचंद्रांचा. नांदेडच्या एका बियाणे कंपनीत ते नोकरीला होते. कोरोनाच्या टाळेबंदीत कंपनीने त्यांच्या घरचं मशीन दुरूनच ऑफिसच्या जाळ्याला जोडून दिलं. घरी बसून ऑफिसचंच इंटरनेट, ऑफिसच्याच फायली. ती जोडणी केली श्रीनाथने, ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्याने. हा महाराजांचा पट्टशिष्य. पुढे शरदचंद्र झोपेतच गेले. जोडणी तशीच राहिली.

गुरुवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. जिन्यापर्यंत चपलांचा ढीग. महाराज कीबोर्डला हळदकुंकू वाहत, मग पार भिंतीला टेकून दोन्ही हात वर करत.

"बघा! कुणाचा हात हाय का? वायर ओढणारा कुणी दिसतो का?"

"न्हाई, महाराज!"

चंद्रप्रभा एका बोटाने प्रश्न टाइप करी. पडद्यावरचा बाण आपोआप सरके आणि अक्षरं उमटत: प्रभा, मी सुखात आहे. बायांचे पदर डोळ्यांना लागत. एरवी कुणी रविवारी विचारलं, तर आत्मा येत नसे. जेवणाच्या सुट्टीतही गप्प असे. "पितरांना भूक न्हाई का?" महाराज विचारत, आणि लोक हात जोडत.

एका गुरुवारी पडद्यावर उमटलं: अपूच्या गोळ्या बंद कर. महाराजांचं भस्म दे.

अपू म्हणजे अपूर्वा, त्यांची तेरा वर्षांची लेक. तिला फिट येत, म्हणून लहानपणापासून गोळ्या चालू. चंद्रप्रभाने त्याच दिवशी पाकीट कचऱ्यात टाकलं. नवऱ्याचा शब्द! वर आल्यागेल्याला ती हरखून सांगू लागली, "तुमच्या बी लेकराला असला त्रास असंल तर भस्म द्या. माझ्या अपूचं औषध सुटलं."

लातूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी तिची धाकटी नणंद मालविका ते ऐकून धावत आली.

"वहिनी, दादा जिवंत असताना तुम्हीच म्हणायच्या ना, घरी तरी ऑफिसचं काम नको? आता मेल्यावर त्याला टायपिंगला बसवलंत?"

"तू शिकलेली बाई. तुला श्रद्धा न्हाई."

"श्रद्धा राहू द्या. गोळी द्या."

चंद्रप्रभाने गोळी दिली नाही. मालविका अपूसाठी तिथंच राहिली.

पुढच्याच गुरुवारी अपूर्वा आत महाराजांच्या नैवेद्याच्या पुऱ्या तळत होती. बाहेर आईने प्रश्न लिहिला: अपू कशी आहे? तेवढ्यात आत भांडं आपटलं, पाठोपाठ मालविकाची किंकाळी. फिट येऊन पोरगी शेगडीवर कोसळली होती. कढईतलं तेल गालावरून, मानेवरून खाली गेलं होतं. तोंडाला फेस, टाचा फरशीवर धडधडत होत्या.

चंद्रप्रभा आत धावली, लेकीला पाहून तशीच बाहेर आली आणि पडद्यापुढे ओरडली, "अहो, पोरगी जळाली! करा ना कायतरी!"

बाण सावकाश सरकला. अक्षरं उमटू लागली: अपू ठणठणीत आहे. बघ, कशी हसते आहे. मी तिच्या शेजारीच उभा आहे.

"अहो!"

"लिहून विचार, माय," भिंतीकडून महाराज म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टर एवढंच बोलले, "या गोळ्या अशा एकदम बंद करत नसतात. पोरगी वाचली हे नशीब." उजवा डोळा वाचेल की नाही, ते अजून सांगता येत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी गर्दी दुप्पट होती. बापाच्या आत्म्यानेच पोर वाचवली, अशी बातमी महाराजांनी आधीच सोडली होती. चंद्रप्रभाने उदबत्ती लावली नाही. तिने मालविकाला खुर्चीवर बसवलं.

बाण सरकला: प्रभा, मी आलो आहे.

मालविकाने पडद्याच्या कोपऱ्यातली ऑफिसच्या जोडणीची खूण सगळ्यांना दाखवली आणि जोडणी तोडली. मग लिहिलं: दादा, आहेस का? पडदा मेल्यासारखा गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. जोडणी परत लावली. बाण लगेच वळवळला.

"आत्मा ऑफिसच्या लाइनीवरच येतो, म्हणून ऑफिसच्या सुट्टीत येत नाही," मालविका म्हणाली. "याच जोडणीतून तिकडं बसलेल्या माणसाला हा पडदा दिसतो, इथला माउसही फिरवता येतो. दिसतो तो फक्त पडदा. खोली दिसत नाही, आवाज जात नाही. म्हणून आत्म्याला कान नाहीत."

तिने लिहिलं: श्रीनाथ, गेल्या गुरुवारी तू 'अपू हसते आहे' लिहिलंस, तेव्हा ती उकळत्या तेलाने भाजली होती.

बाण थांबला. मग एकच शब्द उमटला.

खरंच?

आणि पलीकडून जोडणी तुटली.

"संशयी बाईनं आत्म्याला पळवून लावलं!" महाराज उठले. अर्धी गर्दी त्यांच्यामागे जिना उतरली. काहींनी जाताना त्यांच्या पाया पडून घेतलं.

चंद्रप्रभा हलक्या आवाजात बोलली. उरलेल्यांना ऐकायला जवळ यावं लागलं.

"माझा देव कुठं गेला न्हाई. सकाळी जप केला, उद्या बी करीन. पण औषध डॉक्टरनं दिलंय. ते बंद करायचं तर डॉक्टरला विचारा. देवाच्या नावानं कुणी दुसरं सांगितलं, तर तो कुठं बसून बोलतोय, तेवढं आधी बघा. मी बघितलं न्हाई."

मागून संगप्पा किराणावाले म्हणाले, "बाई, माझी बहीण शिरूर अनंतपाळला असते, लक्ष्मीबाई. तुमचं ऐकून तिनं पोराच्या गोळ्या विहिरीत टाकल्या. मी सांगून थकलो. माझं ऐकत न्हाई ती. तिला कुणी सांगावं?"

"मी सांगते."

"शिव्या घालंल. दारातून हाकलंल."

"घालू द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे जप संपवून तिने मालविकाला दवाखान्यात लेकीजवळ बसवलं. पट्टीत गुंडाळलेल्या अपूर्वाच्या चेहऱ्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून घेतला. मग डोक्यावरचा पदर सारखा करून, शिरूर अनंतपाळची गाडी धरायला ती एस.टी. स्टँडकडे चालू लागली.