चढतं वळण, उतरतं वळण

ऑक्टोबरातली ती सकाळ मोतिया उजेडाची होती. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे जमीन थकून थांबते आणि अटलांटिकचा निळाकरडा विस्तार सुरू होतो, तिथल्या माळावर सुकत्या नेच्यांचा तांबूस रंग पसरला होता. दगडी बांधांमागे दगडी बांध, बांधांमागे ओलीचिंब हिरवळ, आणि साऱ्यावरून वाहणारा खारट, अविश्रांत वारा.

त्या माळावर एक शाळा होती. मुलांवाचून ओस पडलेली, जाड भिंतींची, उंच खिडक्यांची. तिच्या एकुलत्या एका वर्गात चार दिवस तीन माणसं वाजवत होती आणि ध्वनिमुद्रण करणारी हॅना, कानांवर हेडफोन लावून, कोपऱ्यात बसून ऐकत होती.

'कूअन' हे त्या तिघांच्या मंडळाचं नाव. आयरिश भाषेत कूअन म्हणजे बंदर. फर्गल बासरी वाजवी. काळ्या लाकडाची, जड, आडवी बासरी. त्याचा धाकटा भाऊ कॉर्मक फिडल वाजवी. व्हायोलिनलाच तिकडे फिडल म्हणतात. आणि त्यांच्या शेजारघरची ग्रान्या, जेमतेम पंचविशीची, तिच्या हातांत असे कॉन्सर्टिना: ओंजळीएवढी षट्कोनी पेटी, भाता दोन्ही हातांनी ताणायचा, मिटायचा, आणि बोटांनी बटणांतून सूर जागवायचे.

त्यांचा हा पहिला अल्बम. अकरा चाली झाल्या होत्या. बारावी उरली होती; ती तिघांनी मिळून अजून एकदाही वाजवली नव्हती.

बारावी चाल आईची होती. फर्गल आणि कॉर्मकची आई, सोर्का. ग्रान्याला कॉन्सर्टिना शिकवली तीही तिनेच. चालीला नाव नव्हतं. मंद, विषण्ण-मधुर, धुक्यातून येणाऱ्या नावेसारखी हळूहळू आकार घेणारी ती चाल सोर्काला तिच्या आईकडून मिळाली होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. सोर्का जाऊन दोन वर्षं उलटून गेली होती. आता ती चाल या तिघांच्या बोटांत तेवढी उरली होती.

त्या संगीताची रीत साधी आणि कठोर. त्यात ज्याने त्याने आपली निराळी वाट धरायची नसते. सगळ्या वाद्यांनी एकच चाल, एकाच वेळी, एका श्वासाने वाजवायची. खांद्याला खांदा लावून चालावं तशी.

आणि दुसऱ्या चरणात, चाल शिखराशी येते त्या ठिकाणी, दोघा भावांचे खांदे सुटले.

फिडल वर चढलं. लखलखीत, आर्त, पाखराने कड्यावरून झेप घ्यावी तसं. बासरी खाली उतरली. सावळी, संथ, ओंजळीत पाणी विसावावं तशी. दोन सूर एकमेकांवर आपटले आणि ग्रान्याचा भाता मध्येच मिटला.

"ते वळण खाली उतरतं," फर्गल म्हणाला.

"वर चढतं," कॉर्मक म्हणाला. "लहानपणापासून ऐकलंय मी. चुलीपाशी बसून वाजवायची आई. तिथे आली की डोळे मिटायची."

"लहानपणापासून." फर्गलने बासरी मांडीवर आडवी ठेवली. "आणि नंतर? एकोणीस वर्षं तू बोस्टनला. मी त्या घरात होतो, कॉर्मक. रोज संध्याकाळी ऐकलंय मी. ते खाली उतरतं."

हॅनाने हेडफोन काढून गळ्यात घेतले.

त्या एका वाक्यामागे दोन वर्षांचं मौन उभं होतं. आई गेली तेव्हा कॉर्मक आला नव्हता. का आला नाही, हे फर्गलने विचारलं नव्हतं. कॉर्मकने सांगितलं नव्हतं. वसंतात ग्रान्याने पत्र लिहून त्याला बोलावलं, तेव्हा तो फिडल घेऊन आला, आणि सहा महिने दोघे भाऊ सुरांतून तेवढे बोलले. सूर जुळत होते. बाकीचं कुणी उघडलं नव्हतं.

"असं करा," कॉर्मक हळूच म्हणाला. त्याने फिडल पेटीत ठेवलं. "ती चाल तुमची तुम्ही वाजवा. घर तुझं, आई तुझी, चालही तुझी. बाकीच्या अकरांवर माझं नाव ठेवा किंवा ठेवू नका. मी परत जातो."

एक मंडळ, ज्याचा पहिला सूर अजून जगाने ऐकलाही नव्हता, ते त्या क्षणी मोडण्याच्या काठावर उभं होतं.

तेव्हा ग्रान्या बोलली. अगदी हलक्या आवाजात, मांडीवरच्या पेटीकडे बघत.

"दोन्ही बरोबर आहेत."

"समजूत घालू नकोस," फर्गल म्हणाला.

"समजूत नाही घालत. मी दोन्ही ऐकलीत. मला शिकवायला घेतलं तेव्हा ती वरच जायची. तो वरचा सूर उजव्या करंगळीने घ्यावा लागतो, हात चांगला ताणून." तिने आपली करंगळी लांबवून दाखवली. "मग एका हिवाळ्यात तिची करंगळी उघडेना. सांधे सुजले होते, गाठी आल्या होत्या. दोन-तीनदा प्रयत्न केला, ओठ घट्ट मिटून घेतले, आणि तिसऱ्या खेपेला ती खाली उतरली. मला म्हणाली, असंही गोड लागतं ना? आणि म्हणाली, फर्गलला सांगू नकोस. तो काळजी करेल, मला वाजवू देणार नाही. मी शब्द दिला होता."

खिडकीच्या तावदानांवर वारा डोकं घासत राहिला.

फर्गलचा चेहरा पालटताना कुणी पाहिलं असतं, तर त्याला ओहोटीचं पाणी वाळूतून मागे सरताना दिसलं असतं. त्याला आठवला आईचा चहाचा कप. कानाला न धरता, दोन्ही तळहातांत कवटाळलेला. आठवली कोटाची बटणं, जी ती अखेरच्या वर्षांत लावत नसे. 'थंडी वाजते का गं?' तो विचारायचा. 'वाजते रे,' ती म्हणायची, आणि तो चुलीत आणखी पीटची, दलदलीतल्या जळाऊ मातीची, ढेकळं सरकवायचा. रोज संध्याकाळी. बाराही महिने. रोज त्याने ती चाल ऐकली होती, आणि ती वाजवणारे हात पाहिले नव्हते.

जो दूर गेला त्याला दिसलं नाही. जो जवळ राहिला त्यानेही पाहिलं नाही.

"मी तिथेच होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "त्याच खोलीत होतो मी."

कॉर्मक पेटीपाशी गुडघे टेकून बसला होता, तसाच राहिला. मोठ्या भावाला रडताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या सगळ्या उत्तरांना, एकोणीस वर्षं मनात घोकलेल्या सगळ्या सबबींना, त्या क्षणी काही अर्थ उरला नाही.

"मी विमानतळापर्यंत गेलो होतो," तो म्हणाला. "बर्फात सगळं बंद होतं. दोन दिवस बाकावर बसून होतो. तिसऱ्या दिवशी विमानं सुटली, तोवर तिला माती दिली होती तुम्ही. मग तुझ्यासमोर यायची हिंमत झाली नाही." थोडा वेळ थांबून त्याने विचारलं, "शेवटी कसे दिसायचे तिचे हात? मला सांग."

फर्गलने डोळे पुसले. "लहान झाले होते," तो म्हणाला. "पक्ष्याच्या पायांसारखे. मी बघितलं ते तिला शवपेटीत निजवल्यावर बघितलं."

ग्रान्याने भाता थोडा उघडला, मिटला. पेटीतून नुसती हवा गेली, सुराशिवाय. कॉर्मकने फिडल पुन्हा बाहेर काढलं, खुंट्या पिळून तारा सुरात घेतल्या.

"पहिल्या फेरीत तुझं," फर्गल म्हणाला. "ती तरुण होती तेव्हाचं. दुसऱ्या फेरीत..."

"दुसऱ्या फेरीत तुझं," कॉर्मक म्हणाला.

हॅनाने हेडफोन चढवले आणि मान हलवली.

चाल सुरू झाली. पहिल्या फेरीत तिघेही चढले; आणि फर्गल, जो त्या शिखरावर कित्येक वर्षांत गेला नव्हता, त्याने डोळे मिटले. तिथे एक तरुण बाई होती, पीठ लागलेल्या हातांची, उजळ कपाळाची, करंगळी सहज लांब टाकणारी. दुसऱ्या फेरीत तिघेही उतरले. आणि कॉर्मकचा गज त्या अपरिचित उतारावर हळू झाला, हलका झाला, आजारी माणसाला जिन्यावरून धरून उतरवावं तसा झाला. ज्या वर्षांत तो नव्हता, त्या वर्षांतून तो एकेक पायरी खाली येत होता.

शेवटचा सूर भिंतींत विरला. एकाच खेपेत झालं होतं. हॅनाने किती तरी वेळ यंत्र बंद केलं नाही.

"नाव काय लिहू?" तिने अखेर विचारलं.

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. "सोर्का," फर्गल म्हणाला. "नुसतं सोर्का."

ते बाहेर आले तेव्हा दुपार कलली होती. समुद्रावरून, दूर उत्तरेकडून, रानहंसांची एक रांग येत होती; हिवाळा घालवायला दरसाल येतात तशी. आधी नुसती रेघ, मग ठिपके, मग पंखांचा दाट, दमलेला आवाज. दोघे भाऊ दगडी बांधाला टेकून, मान वर करून उभे राहिले. पुढचा पक्षी थकून मागे सरला, मागचा पुढे आला. रांग क्षणभर विस्कटली, पुन्हा जुळली. माळावर येऊन ती वळली, वाकली, आणि ओल्या हिरवळीवर एकेक करून, एकेक करून, पंख मिटत उतरली.