बजाआत्याची सहा वांगी आणि लॉरीचा विमा

मराठी चौथी संपवून इंग्रजी दुसरीत गेल्यापासून तानीला कुणी चावी दिली होती देव जाणे! घरात नवी काडेपेटी आली तरी तिच्यावरचं इंग्रजी ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचायची. म्हणूनच तर गुरुसिद्धप्पा मालकांनी लॉरीच्या विम्याचा कागद वाचायला दुसऱ्या कुणाला नाही, तिला बोलावलं. तिचे आबा, म्हणजे धुळा, त्या लॉरीचे ड्रायव्हर. तानीने चार दिवस डिक्शनरीची पानं उलटीपालटी केली आणि निकाल दिला, "लॉरी कुठं धडकली तर दुरुस्ती कंपनी करणार. पण ही मालाची गाडी. भाडं घेऊन माणसं बसवली की विमा गेला!"

आणि काल नेमकं मंद्रूपच्या बाजाराहून येताना आबांनी एका म्हशीला वाचवायला लॉरी वळवली, ती थेट लिंबाच्या झाडाला नेऊन टेकवली. म्हैस ठणठणीत. लिंब ठणठणीत. लॉरीचा मात्र एक दिवा फुटला आणि मडगार्ड पापडासारखं दुमडलं. मागं मालावर सात बाया बसल्या होत्या, मंद्रूपला स्वस्तात भाजी घेऊन सोलापुरात विकणाऱ्या. त्याही ठणठणीत, आणि त्यांना बघायला अर्धा रस्ता गोळा झालेला!

मालकांनी मिशी ओढत सांगूनच टाकलं, "कंपनीनं नाही म्हटलं ना धुळा, तर तू आपला पुन्हा मेंढ्यांमागं जा."

तानीने पुन्हा डिक्शनरी उघडली. आबांना मेंढ्या वळता येत नाहीत असं नाही, पण लॉरीचा भोंगा वाजवताना त्यांच्या तोंडावर जे हसू यायचं ते मेंढ्यांमागं कुठून येणार?

आज दुपारी कंपनीचे पंचाक्षरी साहेब चौकशीला आले. मालकांनी त्यांना आधी जेवायला बसवलं. भाकरी, शेंगांची चटणी, भरली वांगी. साहेबांनी वांगी तीनदा मागून घेतली. मग ढेकर देत, पेन्सिल कानावर खोचून ते अंगणात लॉरीपाशी आले.

"लॉरीवर किती माणसं होती?"

आबांना खोटं बोलताच येत नाही, हा त्यांचा जुना आजार. "सात बाया व्हत्या, साहेब."

"भाडं किती घेतलंत?"

"एक पै न्हाय, साहेब."

तानी हुश्श करणार, तोच गंमत बघायला आलेल्या त्याच बायांतून बजाआत्या पदर खोचत पुढं घुसली. "म्हंजे? आमी फुकट बसलो व्हय? भिकारी हाय का आमी? दर बाजाराला सहा वांगी देते मी ह्याला! मोजून सहा!"

"आन् मी मेथीची जुडी!" मागून कुणीतरी ओरडलं.

साहेबांनी पेन्सिल काढली. "वांगी... सहा," ते लिहू लागले.

"आत्या, गप की गं!" तानी कळवळली.

"का म्हणून गप? चारचौघांत माझी अब्रू काढली ह्यानं!"

आबांचं तोंड एवढंसं झालं. मालकांची मिशी थरथरली. आता तानीला राहवेना. "साहेब, मी हिला दोन प्रश्न विचारू?" साहेबांनी मान हलवायच्या आतच तिने सुरुवात केली. "आत्या, गेल्या श्रावणात तुला माल मिळाला न्हवता, टोपली रिकामी व्हती. तवा आबांनी तुला खाली उतरवलं?"

"उतरवतोय! उलट पुढं बसवलं. माझा पाय सुजला व्हता की!"

"आन् वांगी किती द्यायची हे कुणी ठरवलं?"

"मीच! त्यो तर नको नको म्हनतो. मी टाकते आन् पळत सुटते."

"साहेब," तानी ताठ उभी राहिली, "भाडं दिलं नाही तर गाडीवाला उतरवतो. आबांनी तर कधी कुणाला उतरवलं नाही. मग हे भाडं कसं?"

साहेबांनी पेन्सिलीने डोकं खाजवलं. "असं होय? मग ती वांगी जातात कुठं?"

आबा पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले. "मालकीणबाईंकडं. आमच्या घरी वांग्यानं समद्यांना खाज सुटते."

साहेबांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"म्हणजे आता जेवताना..."

"व्हय साहेब. कालचीच. बजाआत्याची."

बजाआत्याचा राग कुठल्या कुठं पळाला. "कशी लागली वो साहेब?"

"उत्तम," साहेब पुटपुटले. त्यांनी वांग्यांची ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'भेट. भाडे नव्हे. दुरुस्तीचा खर्च द्यावा.'

मालक घसा खाकरून म्हणाले, "धुळा, मेंढ्या राहू देत. उद्या लॉरी दुरुस्तीला ने."

पुढच्या बाजाराच्या दिवशी तानीही हट्टाने लॉरीत पुढं बसली. नवा दिवा चकाकत होता. बजाआत्याने सहा वांगी तिच्याच मांडीवर ओतली आणि दणक्यात सांगितलं, "लिही पोरी तुज्या कागदावर, हे भाडं न्हाय! पर दिल्याबिगर मी बसायची न्हाय!"

तानीने पहिलं वाक्य वहीत लिहून घेतलं. दुसरं वाक्य ऐकू येऊ नये म्हणून तिने स्वतःच भोंगा दाबला.