कबुतरांच्या पत्त्यावर पियानोवाला

डेव्हनपोर्टच्या कबूतर शर्यत क्लबची वेबसाइट ग्लेनिस सांभाळायची. शनिवारी पाखरं घरी परतू लागली की सगळे मालक एकदम निकाल बघायला यायचे आणि साइट मान टाकायची. स्वस्तातलं होस्टिंग, ढीगभर साइटी एकाच मशीनच्या ताटात जेवायच्या, कुणी जास्त ओढलं की हिचं पान रिकामं. म्हणून तिनं व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा स्वतंत्र कप्पा, भाड्यानं घेतला. सिडनीतलं मशीन इथंही सामायिकच, पण आत कप्पे पाडलेले. आपल्या कप्प्यातली मेमरी आपली, आणि आत काय मांडायचं तेही आपणच बघायचं.

बरेच दिवस खपून तिनं ते मांडलं. पहिला शनिवार सुरळीत गेला. मग क्लबच्या संपर्काच्या पानावरून निरोप आला: ‘पियानोच्या मधल्या दोन पट्ट्या बेसूर लागताहेत. ईस्टरच्या आधी येता का?’

ग्लेनिसनं क्लबच्या अध्यक्षाला फोन लावला. “मर्व्ह, हा तुझा चावटपणा ना?”

“मला पियानोतलं काय कळतंय? माझी कबुतरंसुद्धा बेसूर घुमतात.”

दुसरा निरोप आला, नोरीन नावाच्या बाईचा: ‘क्लाइड बर्जेस, तुम्ही कबुतरंही पाळता हे ठाऊक नव्हतं. छान आहेत. पण आमच्या पियानोचं काय?’

आता मात्र ती घाबरली. होस्टिंग कंपनीत केरिन नावाची मुलगी फोनवर आली.

“माझ्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलंय,” ग्लेनिस म्हणाली.

“कुणी शिरलेलं नाही. तुमच्या सर्व्हरला मिळालेला आकडी पत्ता आधी दुसऱ्या कुणाचा होता. त्यानं सर्व्हर सोडला, पण त्याच्या साइटचं नाव अजून त्याच आकड्याकडे बोट दाखवतंय.”

“म्हणजे भाडेकरू गेला आणि पाटी राहिली? मग काढा ना ती.”

“पाटी त्याच्या ताब्यात आहे, आमच्या नाही. तुमचा सर्व्हर कुठल्याही नावानं हाक मारली की ओ देतो. ओळखीच्या नावालाच ओ दे, असं त्याला सांगा. दोन ओळींचं काम.”

ग्लेनिसला निम्मं कळलं. तेवढ्यावरही दार लावून घेता आलं असतं. पण मग ती नोरीन नुसतीच वाट बघत बसणार.

पियानो सुरात लावून देणारा क्लाइड मर्व्हला ठाऊक होता. अल्व्हरस्टनला लेकीकडे राहतो म्हणाला. ग्लेनिस गाडी काढून गेली. क्लाइडनं कानामागे हात धरून तिचं ऐकलं.

“ते मी बंद केलंय. सगळं पुसलं म्हणाले कंपनीवाले.”

“पुसलं हो. पण नाव राहिलं.”

“कुठं राहिलं?”

“ते... नाव आकड्याकडे जातं, आणि आकडा आता माझा...” ती मध्येच अडखळली. “खरं सांगू का, मलाही धड कळलेलं नाही.”

“मग बरंय. मला वाटलं, माझंच डोकं गेलं.”

तिनं निरोप मोठ्यानं वाचून दाखवले. नोरीनचं नाव ऐकल्यावर तो खिडकीबाहेर बघू लागला.

“कुणालाच सांगितलं नाही मी,” तो म्हणाला. “कान गेले म्हणायला जीभ वळेना.”

एका सर्व्हरवर दोन साइटी नांदू शकतात, एवढं ग्लेनिसनं कुठंतरी वाचलं होतं. “तुमच्या नावानं आलेल्यांना वेगळं पान दाखवू या. काय लिहू?”

“लिहा, क्लाइडला वरचे सूर ऐकू येत नाहीत, त्यानं काम थांबवलंय. बर्नी गावातला रॉडरिक चांगला आहे.” मग तो म्हणाला, “माझ्याहून हळू आहे, पण ते लिहू नका.”

दुसऱ्या दिवशी तिनं ते पान चढवलं. थोड्याच वेळात मर्व्हचा फोन आला.

“ग्लेनिस, आपल्या निकालाच्या जागी हे कुणाचे कान गेलेत?”

नावांची अदलाबदल झाली होती. तिनं ओळी वरखाली केल्या, एक खोडली, पुन्हा लिहिली. मग दोन्ही नावं आलटून पालटून उघडली. कबुतरांच्या जागी कबुतरं होती, क्लाइडच्या जागी क्लाइड. नेमकी कुठली ओळ लागू पडली, हे काही तिला सांगता आलं नसतं. त्या फाइलला तिनं पुन्हा हात लावला नाही.