या महिन्याच्या अध्यक्ष

मावशींनी सातवी खुर्ची ओढून गोलात बसवली आणि ती आपलीच आहे हे आठवून घाईघाईने फडक्याला हात पुसले. त्या शाळेतल्या शिपाई होत्या. मुलांपासून सरांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे.

शाळेत सगळ्यांचं नेतृत्व आलं, म्हणजे सात जणांची समिती कारभार पाहू लागली, तेव्हापासून खुर्च्या गोल मांडायच्या, असं ठरलं होतं. वरची जागा नाही, खालची नाही. खुर्च्या मांडायचं काम तेवढं मावशींकडेच राहिलं. त्याची वाटणी करायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दर महिन्याला नवा अध्यक्ष. गणिताच्या सरांच्या महिन्यात बाग झाली, पालकांतर्फे आलेल्या शिंप्याच्या महिन्यात गणवेशाचा रंग ठरला. मागचा महिना मुख्याध्यापिकांचा, म्हणजे मोठ्या बाईंचा होता. त्यांचं डोकं दुखत असल्यामुळे सभाच झाली नाही. हा महिना मावशींचा. लेकीने कौतुकाने त्यांना नवी चप्पल आणून दिली होती.

मोठ्या बाईंनी पत्र पुढे सरकवलं.

"वरून आलंय. एक वर्ग बंद करायचाय. कोणता, ते समितीने ठरवायचं."

"त्यात ठरवायचं काय?" गणिताचे सर म्हणाले. "बालवर्ग. त्याला ना परीक्षा, ना निकाल."

बालवर्ग म्हणजे खालच्या गल्लीतली बावीस चिल्लीपिल्ली. मावशी त्याच गल्लीत राहायच्या. पोरं शाळेत सोडा आणि निर्धास्त कामाला जा, असं दारोदार फिरून त्यांनीच बायकांना पटवलं होतं. त्यांची नातही त्याच वर्गात होती. नात इथे बसायची, म्हणून लेकीला बेकरीतलं काम जमत होतं.

पत्राच्या कोपऱ्यात आवकचा शिक्का होता. टपाल घेऊन, मजकूर न वाचता शिक्का मारायचं काम मावशींचंच. तारीख त्यांनी दोनदा वाचली.

"बाई, हे मागच्या महिन्याच्या चार तारखेला आलंय."

"हो का?" मोठ्या बाई चष्मा पुसू लागल्या. "कामाच्या धबडग्यात राहून गेलं असेल."

शिंपी खिडकीबाहेर पाहू लागला. सर चहा ढवळत राहिले, साखर केव्हाच विरघळली होती तरी. मग हात वर करायला सांगितलं, तेव्हा सहा हात वर गेले. मोठ्या बाईंचा सगळ्यांत शेवटी गेला आणि त्या वेळी त्यांचा चेहरा खरोखरच दुःखी होता, हेही सांगायला हवं.

"माझं मत विरोधात लिहा," मावशी म्हणाल्या.

"इतिवृत्तात निर्णय लिहितात मावशी, कोणाचं मत काय ते नाही," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "खाली अध्यक्षांची सही. तुम्ही अडवलंत तर वरचे येऊन दोन वर्ग बंद करतील. मग गल्ली तुम्हालाच जाब विचारेल."

"आणि तुम्ही सांगितलंत तर लोक ऐकतील," मोठ्या बाई म्हणाल्या. "आमचं कोण ऐकतं?"

मावशींना संताप आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. गोलात बसलेल्या माणसांत नेमकं बोट कोणाकडे दाखवायचं? त्यांनी सही केली. अक्षर चांगलं यावं म्हणून त्यांनी आधी कागद सरळ केला, याची त्यांना पुढे फार दिवस लाज वाटत राहिली.

शाळा सुटली तेव्हा बातमी फाटकापर्यंत पोचलेली होती. मोठ्या बाई बाहेर आल्या तशी बायकांनी बाजूला होऊन वाट दिली.

"बाई, तुम्ही असताना असं कसं झालं?" एकीने विचारलं.

मोठ्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी एकटी काय करणार गं? अध्यक्ष मावशी होत्या."

लेक मागे उभी होती, बेकरीचा ॲप्रन अजून अंगातच. मावशी नातीचा हात धरून, दप्तर खांद्याला लावून तिच्याकडे गेल्या. पत्राची तारीख तिला सांगायची होती.

"सही तुझी आहे?" लेकीने विचारलं.

"आहे. पण ऐकून तर घे..."

लेकीने त्यांच्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं आणि नातीचा हातही सोडवून घेतला.

"चल," ती पोरीला म्हणाली. "मावशींना टाटा कर."

नात बुचकळ्यात पडली. तिने आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि निमूटपणे हात हलवला.